आधी सायटेशन वाचा, मग शाल द्या

इंदूरमधल्या सगळ्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणीचे सभासद आणि गणेशोत्सव समित्यांचे कार्यकर्ते, सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

विषय: मरणोत्तर शौर्यपदक मिळालेल्या जवानांच्या घरच्यांचा सत्कार आपण कसा करतो त्याबद्दल.

थेट मुद्द्यावर येते. यापुढे तुमच्या स्टेजवर वीरमातेला, वीरपत्नीला, वीरपित्याला बोलवाल तेव्हा शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ हे सगळं होण्याच्या आधी त्या जवानाने नेमकं काय केलं होतं ते उभं राहून, मोठ्याने, पूर्ण वाचून दाखवा. मराठीत वाचा. दोन-तीन मिनिटं लागतात. मागणी एवढीच आहे, पण ती का करतेय ते सांगायला जागा लागते म्हणून पत्र लांबलंय, तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा आणि पुढच्या मीटिंगमध्ये विषय म्हणून ठेवा.

सायटेशन म्हणजे शौर्यपदकासोबत येतो तो मजकूर. कुठली तारीख, कुठली जागा, समोर कोण होतं, याच्याजवळ काय होतं, याने काय केलं, कुठे लागलं, लागल्यावर काय केलं आणि शेवट कसा झाला, हे त्यात साध्या सरकारी भाषेत लिहिलेलं असतं, एक पान पण भरत नाही बऱ्याचदा. राष्ट्रपती भवनात पदकं देतात तो सोहळा टीव्हीवर बघितला असेल सगळ्यांनी. नाव पुकारतात, आई किंवा बायको पुढे येऊन उभी राहते आणि आधी सायटेशन वाचलं जातं, सगळा हॉल ऐकतो, राष्ट्रपती समोर उभे असतात तेही ऐकतात आणि मग पदक तिच्या हातात दिलं जातं. ती बाई तेवढा वेळ जशी उभी असते ते बघवत नाही, पण ती ऐकत असते. आपल्या मुलाने काय केलं ते देशासमोर कोणीतरी वाचतंय हे ती ऐकत असते.

आता आपल्याकडे काय होतं ते सांगते. कुठल्या मंडळात झालं ते सांगणार नाही आणि कोणी विचारू पण नये कारण मला भांडण लावायचं नाहीये, हे कुठेही होऊ शकलं असतं. आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, त्यांचा मुलगा काश्मीरमध्ये लढताना गेला, फौजेत नाईक होता, मरणोत्तर सेना मेडल मिळालं त्याला. १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार ठरला म्हणून मीच त्यांना घेऊन गेले होते. काकूंनी बाहेर पडताना एक प्लॅस्टिकचं फोल्डर घेतलं बरोबर, त्यात त्याच्या सायटेशनचा कागद, लॅमिनेट केलेला. मी म्हटलं कशाला घेताय, तर म्हणाल्या, असू दे गं, वाचायला लागलं तर.

कार्यक्रम चांगला झाला, खोटं नाही सांगणार, हॉल भरलेला होता, मुलांनी गाणी म्हटली, पाहुण्यांचं भाषण झालं, देणगीदारांची नावं झाली. काकूंना स्टेजवर बोलवलं तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने, बिचारी तयारी करून आली होती ती, खूप शब्द वापरले, भारतमातेचा सुपुत्र, सीमेवर प्राणांची आहुती, रक्ताचा थेंब आणि थेंब, अमर रहे. टाळ्या वाजल्या. शाल दिली, नारळ दिला, स्मृतिचिन्ह दिलं, फोटो झाला. पलटणीचं नाव चुकलं. वर्ष नाही सांगितलं. त्याने केलं काय हे एका वाक्यात पण कोणी सांगितलं नाही. काकू एका हातात नारळ आणि काखेत ते फोल्डर घेऊन खाली आल्या.

परत येताना रिक्षात त्यांनी ते फोल्डर उघडलं. इंग्रजी येत नाही त्यांना, पण कुठली ओळ कुठे आहे ते पाठ आहे. मधल्या एका ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, इथे लिहिलंय ना, त्या दुसऱ्या मुलाला ओढून आणलं ते? मी म्हटलं हो काकू, इथेच आहे. खरंच तिथेच होतं. याला स्वतःला गोळी लागलेली होती आणि हा उघड्यावर गेला, जखमी सोबत्याला आडोशाला ओढून आणलं आणि मग परत आपल्या जागेवर जाऊन फायर करत राहिला. ते दुसरं पोर वाचलं. आजही आहे, दिवाळीला काकूंना फोन करतो. आता मला सांगा, त्या हॉलमध्ये एवढी माणसं बसली होती, लहान मुलं बसली होती, त्यांच्यातला एक जण तरी घरी जाताना हे घेऊन गेला का? नाही ना. एका बाईला शाल मिळाली एवढं घेऊन गेले सगळे.

तेव्हापासून माझ्या मनात हे बसलंय. आणि जेवढा विचार करते तेवढं वाटतं की मरणोत्तर सन्मान म्हणजे मुळात काय असतो? माणूस गेलेला आहे, त्याला शाल पांघरता येत नाही, हार घालता येत नाही, त्याला ना पदक दिसणार ना टाळ्या ऐकू येणार. त्याच्यासाठी करता येईल अशी एकच गोष्ट उरते, त्याने जे केलं ते खरं खरं, न वाढवता, न चुकवता पुढच्यांना सांगणं. बाकी सगळं आपण आपल्या समाधानासाठी करतो, करा, माझी हरकत नाही, पण ते पहिलं सोडून नका करू.

एक उदाहरण देते. नाईक यशवंत घाडगे हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळालेले. कोकणातले, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे. आपली माणसं असं आपण ज्यांना उठता बसता म्हणतो त्यातले. मी माझ्या ओळखीच्या लोकांना विचारलं, इंदूरच्या मराठी लोकांना, शिकल्या सवरलेल्या, शिवजयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणाऱ्या, आणि जवळपास कोणालाच माहीत नव्हतं. ज्या एक-दोघांनी ऐकलं होतं त्यांना नाव माहीत होतं, काम नाही.

तर काम ऐका. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं, दुसरं महायुद्ध. पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी शत्रूच्या पक्क्या मोर्चावर चढाई करत होती. यशवंत घाडगे एका रायफल सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, कमांडर होते. वय २२. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्यात त्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक माणूस मेला किंवा जखमी झाला. एकटे हेच उभे राहिले. आणि सायटेशनमध्ये इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिलेली आहे, की आपल्याबरोबर यायला आता कोणीही उरलेलं नाही हे त्यांना पूर्ण माहीत होतं आणि तरी ते जराही न थांबता त्या मशीनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकला, त्यात गन आणि गन चालवणारा दोन्ही गेले. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, दुसऱ्याला मारलं. मग मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नव्हता, दोन माणसं अजून समोर होती, तर त्यांनी टॉमीगन नळीकडून हातात धरली आणि दस्त्याने त्या दोघांना हाणून मारलं. मोर्चा एकट्याने घेतला. आणि मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जो मोर्चा घेतला होता त्याच मोर्चात ते गेले.

गोळी चालवून गरम झालेली नळी असते हो ती. ती धरली त्यांनी. ही एवढी एक गोष्ट सातवी-आठवीतल्या पोराला सांगून बघा, तो विसरणार नाही जन्मभर. आणि आता याच्या शेजारी 'प्राणांची आहुती दिली' हे वाक्य ठेवून बघा. ते कोणाबद्दलही म्हणता येतं म्हणून ते कोणाचंच राहत नाही.

व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हातात दिला गेला. कॅसिनोच्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव आहे, तिकडे इटलीत. माणगावात पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंटोने नावाच्या छोट्या गावाने, पेरुजियाजवळ आहे ते, यशवंत घाडगेंचं स्मारक उभारलं. ते स्मारक म्हणजे सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळ आहे आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. तिथल्या लोकांनी आणि तिथल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून केलं हे, ७९ वर्षांनी, एका कोकणातल्या पोरासाठी, कारण त्यांना माहीत होतं तो तिथे काय करून गेला. इटलीच्या लढाईत ५०,००० हून जास्त भारतीय सैनिक होते, ५,७८२ तिथेच राहिले, आणि तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे. हे आकडे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाहीत, मान्य, पण शाळेत नाही शिकवलं म्हणूनच तर मंडळं असतात ना.

यावर एक जण मला म्हणाले, ताई, ते तर इंग्रजांसाठी लढले, त्यांचं काय कौतुक. हा प्रश्न मी उडवून लावत नाही, त्याच काळात आपलीच माणसं आझाद हिंद सेनेत दुसऱ्या बाजूने लढत होती आणि त्यांचाही मान मोठा आहे. पण फौजेत जाणाऱ्या कोकणातल्या, साताऱ्याकडच्या पोरांनी लंडनच्या राजाचा विचार करून भरती नाही घेतली, घरची पाच-सहा तोंडं, थोडीशी जमीन, वडील फौजेत, काका फौजेत, गावाची रीत, असं होतं ते. आणि मशीनगनसमोर माणूस कोणासाठी पुढे जातो? डावीकडे उजवीकडे आपली माणसं पडलेली असतात, त्यांच्यासाठी जातो. यशवंत घाडगेंच्या आजूबाजूला पडलेले सगळे त्यांच्याच मराठा पलटणीचे होते. मला तेवढं पुरे आहे.

आणि आपल्या इंदूरने तर हे म्हणूच नये की फौजेचं आपल्याला काय माहीत. महूची लष्करी छावणी इथून पाऊण तासावर. एबी रोडवर आर्मीचे ट्रक बघत मोठे झालो आपण. बाबासाहेबांचा जन्म महूचा, १४ एप्रिल १८९१, कारण त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते आणि तिथल्या लष्करी शाळेत होते. होळकरांची पलटण स्वातंत्र्यानंतर कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेली आणि १५ कुमाऊँ झाली, आजही तिच्या नावापुढे कंसात इंदूर लिहितात. ग्वाल्हेरची पलटणही तशीच १४ कुमाऊँ झाली होती. देशभरातले इन्फंट्रीचे तरुण ऑफिसर महूच्या इन्फंट्री स्कूलला कोर्स करायला येतात, दोन-दोन चार-चारच्या घोळक्यात सुट्टीच्या दिवशी इंदुरात फिरतात, छप्पन दुकानवर दिसतात, केस बारीक कापलेले, ओळखू येतात लगेच. विक्रम बत्रा १९९८ मध्ये याच कोर्सला महूत होते, काही महिने होते. पुढच्या वर्षी कारगिलच्या युद्धात २० जूनला त्यांनी ५१४० शिखर घेतलं आणि ७ जुलैला ४८७५ शिखरावर लढताना गेले, चोवीस वर्षांचे होते. तिथे एका अरुंद कड्यावर हातघाईत पाच जणांना अगदी जवळून मारलं, स्वतः जबर जखमी झाले, तरी सरपटत पुढे जाऊन ग्रेनेड टाकत राहिले, मोर्चा मोकळा करून गेले. मरणोत्तर परमवीर चक्र, २६ जानेवारी २०००, वडिलांनी घेतलं. म्हणजे आपल्या शेजारच्या गावात शिकून गेलेला मुलगा आहे तो. त्याच्या नावाचे फ्लेक्स आपण लावतो आणि खाली काय लिहितो? शत शत नमन. आणि त्याच्याही खाली प्रायोजकांची नावं, त्याच्या नावाहून मोठ्या अक्षरात.

परमवीर चक्राचं तर आपल्या मराठी घराशी नातं आहे आणि तेही कोणी सांगत नाही. ते पदक ज्यांनी घडवलं त्या सावित्रीबाई खानोलकर. जन्माने स्विस होत्या, १९१३ चा जन्म, विक्रम खानोलकर नावाच्या मराठी लष्करी अधिकाऱ्यावर प्रेम करून इथे आल्या, मराठी शिकल्या, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली, नऊवारी-पाचवारीतल्या आपल्यासारख्याच झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर शौर्यपदकांची रचना करायचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी परमवीर चक्रावर इंद्राचं वज्र घेतलं, चार बाजूंना चार, कारण दधीची ऋषींनी स्वतःच्या अस्थी दिल्या तेव्हा ते वज्र झालं. कांस्याचं साधं पदक, जांभळी पट्टी. २६ जानेवारी १९५० ला ते सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू केलं. आणि योग असा की पहिलं परमवीर चक्र ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा, सावित्रीबाईंच्या जावयांचे भाऊ.

सोमनाथ शर्मांची गोष्ट पण नावाच्या पलीकडे कोणाला माहीत नसते. हॉकी खेळताना हात मोडलेला, प्लास्टर होतं, घरी बसायची पूर्ण मुभा होती. कंपनी श्रीनगरला निघाली तर हट्टाने प्लास्टरसकट गेले. ३ नोव्हेंबर १९४७, काश्मीरमधलं बडगाम, समोर पाकिस्तानातून आलेले टोळीवाले, सात पट माणसं. हे पडले असते तर श्रीनगरचं विमानतळ गेलं असतं आणि विमानतळ गेलं असतं तर फौज उतरवायला जागाच उरली नसती. माणसं कमी पडायला लागली तेव्हा हा कंपनी कमांडर एक हात प्लास्टरमध्ये असताना मॅगझिन भरून भरून लाइट मशीनगनवाल्यांना देत होता. एक हात कामाचा नाही तर आपण करू शकतो ते काय, तर मॅगझिन भरणं, ते करत होता. तेवढ्यात जवळच दारूगोळ्यावर तोफगोळा येऊन पडला. २४ वर्षांचे होते तेही. ते मॅगझिन भरणं मला फार मोठं वाटतं, मेजर माणूस, शिपायाचं काम हातात घेतलंय कारण त्या मिनिटाला तेच लागत होतं.

आजपर्यंत २१ परमवीर चक्रं झाली, त्यातली १४ मरणोत्तर. फक्त एकवीस आहेत हो. गणपतीचे दहा दिवस, रोज दोन घेतले तरी जवळपास सगळे होतात. लेफ्टनंट कर्नल तारापोर आहेत, मुंबईत जन्मलेले, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे, १९६५ ला पाकिस्तानातल्या फिलोराला जखमी झाल्यावर मागे जायला नकार दिला आणि पाच दिवसांनी १६ सप्टेंबरला गेले, तोपर्यंत त्यांच्या रेजिमेंटने साठेक रणगाडे उडवले होते. अरुण खेत्रपाल आहेत, जन्म पुण्याचा, त्याच पूना हॉर्सचे, १६ डिसेंबर १९७१, रणगाडा पेटलेला, सोडून बाहेर ये असा हुकूम आलेला, पण तोफ चालतेय म्हणून सोडला नाही, एकवीस वर्षांचे. मेजर परमेश्वरन आहेत, तेही मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे, जिचं सेंटर आपल्या मध्य प्रदेशातच सागरला आहे, २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत छातीत गोळी लागल्यावर समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं. प्रत्येकाचं वेगळं आहे. एकाचंही दुसऱ्यासारखं नाही. आणि आपण सगळ्यांना एकाच वाक्यात बसवतो.

आता तुम्ही म्हणाल वेळ नसतो. मी इतक्या कार्यक्रमांना बसलेय की मला माहीत आहे वेळ कुठे जातो, पाहुण्यांच्या परिचयात जातो, आभारप्रदर्शनात जातो. पाहुण्यांनी भूषवलेली पदं आपण ओळीने वाचतो, कुठल्या साली कुठल्या संस्थेचे उपाध्यक्ष होते ते वाचतो आणि जो माणूस मेला त्याचं एक पान वाचायला वेळ नाही, हे बरं नाही दिसत. परिचय एक मिनिट कमी करा, कोणी पाहुणा रागावणार नाही, आणि रागावला तर त्याला पुढच्या वर्षी बोलवू नका.

दुसरं एक म्हणणं येतं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, की घरच्यांना त्रास होईल, सगळ्यांसमोर तो प्रसंग ऐकवणं बरोबर आहे का. बरोबर प्रश्न आहे. म्हणून आधी घरी जाऊन विचारा. कार्यक्रमाच्या दिवशी नाही, आठ दिवस आधी, एक-दोघांनीच जा, फोटोग्राफर घेऊन जाऊ नका, बसा, चहा घ्या, सायटेशनचा कागद आहे का विचारा, आम्ही वाचलं तर चालेल का विचारा. काही जण नाही म्हणतील. एखादी बायको म्हणेल की मला ऐकवणार नाही, मग तिच्यासमोर नका वाचू, तिचा मान ठेवा आणि तिला आग्रह करून स्टेजवर पण आणू नका. पण माझा अनुभव काकूंचा आहे आणि मला वाटतं बहुतेक जणी काकूंसारख्याच असतील, कागद घेऊन बसलेल्या, कोणीतरी विचारेल म्हणून.

मजकूर शोधणं अवघड नाहीये. बऱ्याच पदकांची माहिती संरक्षण मंत्रालयाच्या गॅलंट्री अवॉर्ड्सच्या पोर्टलवर आहे, नावाने शोधता येतं. घरच्यांकडे प्रत असतेच. महूला इन्फंट्रीचं म्युझियम आहे, मंडळाची सहल तिकडे न्या एकदा, दर वर्षी मांडूलाच जायला पाहिजे असं काही नाही. मराठी करताना एक सांभाळा, हात जोडून सांगते, त्यात आपल्या मनाचं काही घालू नका. जवानाच्या तोंडी डायलॉग घालू नका, शेवटचे शब्द बनवू नका, दहाचे शंभर करू नका, मागे ते रडकं संगीत लावू नका. तारीख, जागा, पलटण, हुद्दा, नाव, काय केलं. पलटणीचं नाव दोनदा तपासा, फौजी माणसाला पलटण म्हणजे घर असतं, ते चुकलं की सगळंच चुकलं. वाचणाऱ्याने आधी दोन वेळा घरी वाचून यावं, कागदात बघून वाचलं तरी चालेल, पाठ करायची गरज नाही.

आणि ज्यांना पदक नाही मिळालं त्यांचं काय, हा प्रश्न राहतो. पदक न मिळालेले कितीतरी जास्त आहेत. दिल्लीला राष्ट्रीय युद्धस्मारकात, २५ फेब्रुवारी २०१९ ला झालं ते, त्याग चक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचं कुठलंही सायटेशन नाही. तिथे रोज संध्याकाळी एका जवानाच्या घरच्यांना पुष्पचक्र वाहायला बोलावतात, पदक होतं की नव्हतं बघत नाहीत. आपणही बघू नये. सायटेशन नसेल तर त्याच्या बरोबरच्या कोणाला तरी विचारा, पलटणीच्या सुभेदार साहेबांचा नंबर घरी असतोच, ते सांगतात, मनापासून सांगतात. तो कुठे होता, काय काम करत होता, बर्फात पोस्टवर होता की गाडी चालवत होता की वायरलेसवर होता, ते सांगा. ते पण त्याचंच काम आहे.

अनंत चतुर्दशीच्या झांक्यांबद्दल, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांबद्दल, पण एक. कापडाच्या मिल बंद पडल्या तरी कामगारांनी झांक्या सोडल्या नाहीत, सगळं इंदूर रात्रभर रस्त्यावर असतं त्यासाठी, एवढी माणसं दुसऱ्या कशाला जमत नाहीत. त्यात दरवर्षी कुठेतरी जवान असतो, हातात बंदूक, मागे तिरंगा, चेहरा कोणाचाच नाही. तुमच्यापैकी ज्यांचं झांकीवाल्यांशी जाणं-येणं आहे त्यांनी एवढं सुचवा की या वर्षी तो जवान कोणीतरी एक करा. सेक्शनमध्ये एकटे उरलेले यशवंत घाडगे करा, नळीकडून धरलेली टॉमीगन हातात द्या आणि खाली चार ओळी लिहा हिंदीत-मराठीत. लोक थांबून वाचतील. इंदूरचे लोक झांकीसमोर थांबतात, त्यांना घाई नसते त्या रात्री.

आता मी काय करू शकते ते. आमच्या राजेंद्र नगरात आम्ही काही जण मिळून सायटेशनची मराठी करून द्यायला तयार आहोत, आमच्यात एक निवृत्त सुभेदार साहेब आहेत ते लष्करी शब्द तपासून देतील, दोन जणी मराठी शिकवायच्या त्या शुद्धलेखन बघतील. पैसे नकोत, नाव नको, आभारप्रदर्शनात उल्लेख तर अजिबात नको. तुम्ही फक्त कागदाचा नीट फोटो आणि घरच्यांची परवानगी पाठवा, कार्यक्रमाच्या निदान आठ दिवस आधी, आदल्या रात्री अकराला नको. मोठ्या टाइपात प्रिंट काढून देऊ म्हणजे स्टेजवरच्या कमी उजेडात पण वाचता येईल. एक प्रत सूत्रसंचालकाला आणि एक फ्रेम करून घरच्यांना, मराठीतली, म्हणजे ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना दुसऱ्या कोणाला विचारायला नको. काकूंची प्रत तयार झालेली आहे, आता तेवढी एखाद्या मंडळाने स्टेजवरून वाचायची आहे. पहिलं कोण पुढे येतं ते कळवा.

तुमच्याच मंडळाची एक सभासद,
राजेंद्र नगर, इंदूर